सापळा लावला तरी सावज निसटतं: पोकेमॉनच्या लढतीत ट्रॅपिंग नेमकं कुठे फसतं

वाळपईचा माझा मावसभाऊ आठवड्यातून दोनदा तरी एकच मेसेज पाठवतो: "दादा, परत धांवलो मरे!" (म्हणजे परत पळाला रे!) खाली शोडाउन या ऑनलाइन लढतींच्या साइटवरचा रीप्ले. धावलेला कधी स्कार्मोरी असतो, कधी कॉर्विनाइट, एकदा तर चक्क ब्लिसी. बाकी कथा तीच. याने मोठ्या हौसेने मॅग्नेझोन नाहीतर डगट्रिओ असा समोरच्याला अडकवून ठेवणारा पोकेमॉन टीममध्ये घेतलेला, तो मैदानात उतरलेला, आणि सावज पुढच्या टर्नला आरामात बाहेर.

फोंड्यात रविवारी आम्ही पाचसहा जण जमतो, तिथेही हीच रड. प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या मेसेजला नुसती लिंक पाठवून मी चहा प्यायला मोकळा.

ट्रॅपिंग म्हणजे समोरच्याचं स्विच करणं बंद करणं. स्पर्धात्मक लढतीत माणूस अर्धा वेळ स्विचच करत असतो. चुकीचा पोकेमॉन समोर आला की बाहेर काढायचा आणि बरोबरचा आत घ्यायचा. तो रस्ताच बंद केला की समोरच्याला न आवडणारी जोडी त्याला शेवटपर्यंत निभावावी लागते. हे करणाऱ्या तीन अ‍ॅबिलिटी 2002 च्या रुबी-सफायर या गेमपासून आहेत (अ‍ॅबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगचा गुण): शॅडो टॅग (वॉबफेट, गोथिटेल), अरीना ट्रॅप (डगट्रिओ) आणि मॅग्नेट पुल (मॅग्नेझोन). पहिली जवळपास सगळ्यांना धरते, दुसरी जमिनीवर पाय असलेल्यांना, तिसरी फक्त स्टील टाइपला (टाइप म्हणजे पोकेमॉनचा प्रकार). मीन लुक, ब्लॉक अशा मूव्ह (लढतीत निवडायच्या चाली) वेगळ्या, आणि मॅग्मा स्टॉर्म, व्हर्लपूलसारख्या गुंडाळून ठेवणाऱ्या त्याहून वेगळ्या.

आधी फालतू वाटणाऱ्या तपासण्या

हसू नका. दहातले तीनचार रीप्ले इथेच निकालात निघतात.

अ‍ॅबिलिटी बरोबर निवडली आहे का? मॅग्नेझोनला मॅग्नेट पुल, स्टर्डी आणि अ‍ॅनालिटिक अशा तीन अ‍ॅबिलिटी असू शकतात. गोथिटेलची शॅडो टॅग ही हिडन, म्हणजे सहसा न मिळणारी, अ‍ॅबिलिटी आहे. साध्या मार्गाने पकडलेली गोथिटेल फ्रिस्क किंवा कॉम्पिटिटिव्ह घेऊन येते आणि तिला अ‍ॅबिलिटी पॅच (ती बदलणारी वस्तू) द्यावा लागतो. मावसभावाच्या ब्लिसीचं रहस्य तर याहून मजेशीर निघालं. डोक्यावर सोनेरी केस आलेला अलोलन डगट्रिओ त्याला दिसायला आवडला म्हणून त्याने तोच घेतला होता. अलोलन डगट्रिओला अरीना ट्रॅप मिळतच नाही. ब्लिसी पळाली नव्हती, तिला कुणी धरलंच नव्हतं.

सावज त्या सापळ्यात बसणारं आहे का? 2013 च्या एक्स-वायपासून घोस्ट टाइपला कुठलंच ट्रॅपिंग लागू होत नाही. घोल्डेंगो स्टील आहे म्हणून त्याच्यासमोर मॅग्नेझोन सोडणारे मी अजून बघतो. तो स्टीलबरोबर घोस्टही आहे, हसत निघून जातो. एजिस्लॅशचंही तेच. अरीना ट्रॅपला फ्लाइंग टाइप, हवेत तरंगणारे लेव्हिटेटवाले आणि हातात एअर बलून असलेले दाद देत नाहीत. बलून घेतलेल्या हीट्रानसमोर डगट्रिओ आणायचा तर आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फटक्याने तो बलून फुटलेला हवा.

आणि तुम्ही खेळता त्या फॉरमॅटमध्ये हे चालतं का? स्मॉगन या चाहत्यांच्या साइटच्या, नवव्या पिढीतल्या (स्कार्लेट-व्हायोलेट गेम) ओव्हरयूज्ड या फॉरमॅटमध्ये शॅडो टॅग आणि अरीना ट्रॅप दोन्हींवर बंदी आहे. मॅग्नेट पुल चालतं. अधिकृत डबल्सच्या (दोन विरुद्ध दोन) स्पर्धांमध्ये गोथिटेल शॅडो टॅग घेऊन उतरू शकते. एका फॉरमॅटसाठी वाचलेला सल्ला दुसरीकडे लावला की डोक्याला ताप होणारच.

एवढं करून सापळा बरोबर असेल, तरच पुढचं वाचा.

खरं दुखणं आधीच्या टर्नला असतं

मावसभावाच्या रीप्लेंमध्ये हमखास दिसणारा क्रम असा. समोरून स्कार्मोरी येतो. हा ते बघतो. स्कार्मोरी स्पाइक्स (आत येणाऱ्याला टोचणारे काटे) टाकतो. मग याला मॅग्नेझोन आठवतो आणि हा स्विच करतो. समोरचा खेळाडू काही शेळपट नसतो. लढतीआधी टीम दिसते त्या टीम प्रीव्ह्यूमध्ये त्याने मॅग्नेझोन पाहिलेला असतो. तो त्याच टर्नला स्कार्मोरी बाहेर काढून ग्रेट टस्क आत घेतो. दोन्ही स्विच एकाच टर्नला होतात आणि मॅग्नेझोनसमोर उभा राहतो एक ग्राउंड टाइप, ज्याला मॅग्नेट पुल लागत नाही आणि वीजही लागत नाही. मग मेसेज: धांवलो मरे.

इथे नियम नीट समजून घ्या. सापळा तपासला जातो तो समोरचा आपली चाल निवडतो त्या क्षणी. त्या क्षणी तुमचा मॅग्नेझोन मैदानात नसेल तर समोरच्याला पूर्ण मोकळीक आहे. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीचा रॅम्प वर उचलला की कुणी उतरू शकत नाही, खरं आहे. पण रॅम्प वर जायच्या आधीच जो उतरून चालायला लागला त्याला खलाशी काय धरून आणणार? तुमचा मॅग्नेझोन आत येतो तो टर्न म्हणजे रॅम्प वर जाण्याचा टर्न. त्या टर्नला जो आत आला तो अडकतो, जो आत होता तो अडकेलच असं नाही.

म्हणजे स्कार्मोरी समोर दिसल्यावर मॅग्नेझोन आणायला उशीर झालेला असतो. स्कार्मोरी यायच्या टर्नलाच मॅग्नेझोन यायला हवा.

खाजन शेतीच्या बांधाला मानस असते, पाणी आतबाहेर सोडायचं लाकडी दार. भरतीच्या पाण्याबरोबर मासे, सुंगटं आपणहून आत येतात. ओहोटी लागली की दारावर जाळं बांधतात आणि बाहेर जाणारं पाणी मासळी जाळ्यात टाकून जातं. माशाच्या मागे कुणी धावत नाही. तुमच्या टीममध्ये भरतीचं काम कोण करणार, हा प्रश्न आधी सोडवा. स्कार्मोरी किंवा कॉर्विनाइट कशासाठी आत येतात? शारीरिक हल्ला करणाऱ्याला अडवायला. मग तुमचा शारीरिक हल्ला करणारा, समजा ड्रॅगनाइट, समोर उभा असताना समोरच्याला स्कार्मोरी आणावासा वाटणारच. तीच तुमची भरती.

आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ड्रॅगनाइट समोर असताना, समोरचा स्कार्मोरी आणेल असं धरून त्याच टर्नला सरळ मॅग्नेझोनवर स्विच करायचं. डबल स्विच म्हणतात ते हेच. लागलं तर अप्रतिम. नाही लागलं, समोरचा जागेवर राहून भूकंप करून गेला, तर मॅग्नेझोन मेला. ग्राउंडचा फटका त्याला चौपट बसतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्यात जुगार कमी: यू-टर्न, व्होल्ट स्विच, फ्लिप टर्न, म्हणजे फटका मारून मारणारा स्वतः बाहेर येतो अशा मूव्ह. पोकेमॉनमध्ये स्विच आधी होतात आणि मूव्ह नंतर. समोरच्याने स्कार्मोरी आत घेतला, मग तुमचा यू-टर्न त्याच्यावर बसला, आणि त्यानंतर तुम्हाला कोण आत येणार ते निवडायचं आहे. आता समोर स्कार्मोरी उघडाच उभा आहे. मॅग्नेझोनचं बटण दाबा. समोरच्याने स्विच केलंच नाही तरी तुमचं फार बिघडत नाही. तुम्ही दुसराच कुणीतरी आत घ्या. म्हणून ट्रॅपर असलेल्या टीममध्ये निदान एक तरी असा मागच्या दाराने निसटणारा साथीदार हवा. मावसभावाच्या टीममध्ये एकही नव्हता. हे सांगितलं तेव्हा म्हणाला, "पण मग सगळी मजा मॅग्नेझोनची कुठे राहिली?" मजा पाहिजे असेल तर तशीच खेळ बाबा, मेसेज मला करू नको.

तिसराही एक मार्ग आहे: तुमचा एखादा पडला की फुकटात आत येता येतं. पण तेव्हा समोर उभा असतो तो तुम्हाला मारणारा, तुमचं सावज नव्हे. त्यामुळे हा मार्ग योगायोगावर चालतो.

एक छोटी पण कामाची गोष्ट. मॅग्नेट पुल मैदानात येताना जाहीर होत नाही. समोरच्याला मॅग्नेझोन दिसतो, स्टर्डी आहे की मॅग्नेट पुल हे दिसत नाही. शोडाउनवर अशा वेळी समोरच्याला सूचना येते की तू अडकलेला असू शकतोस, स्विच निवडलंस तर मागे घेता येणार नाही. त्याने स्विच दाबलं आणि ते नाकारलं गेलं की तुमचं गुपित फुटलं. तिथून पुढे तो वेगळं खेळतो. हे लक्षात ठेवा आणि पहिलीच संधी बारीकसारीक सावजावर घालवू नका.

पकडलं, तरी मरत नाही

ट्रॅपिंग स्विच थांबवतं. समोरचा हात बांधून बसलेला नसतो. हे वाक्य मला स्वतःला पटायला एक अख्खी लढत हरावी लागली. पावसाळ्याचे दिवस, करंट दोनदा गेला होता, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळत होतो आणि टायमर बघत घाईघाईत थंडरबोल्ट दाबत होतो. समोर पूर्ण आरोग्याचा स्कार्मोरी, अडकलेला. थंडरबोल्ट बसला, आणि स्टर्डीमुळे (पूर्ण जीव असताना एका फटक्यात मरू न देणारा गुण) तो 1 एचपीवर, जेमतेम जिवावर, उभा राहिला. त्याच टर्नला त्याने व्हर्लविंड केला. माझा मॅग्नेझोन उडून टीममध्ये परत, आत ओढला गेला भलताच कुणीतरी. पुढच्या टर्नला स्कार्मोरी चालता झाला आणि नंतर कधीतरी सावकाश येऊन रूस्ट करून बरा झाला.

व्हर्लविंडचा प्राधान्यक्रम उणे 6 आहे, म्हणजे तो सर्वांत शेवटी होतो; पण स्टर्डीने तेवढा जीव शिल्लक ठेवला की शेवटी झालेला व्हर्लविंडही पुरतो. सब्स्टिट्यूट नावाच्या बाहुल्याच्या आड लपूनही उपयोग नाही, व्हर्लविंड त्यातून आरपार जातो. इलाज एकच: स्कार्मोरी पूर्ण आरोग्यात असताना त्याला पकडू नका. आधी स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड) टाकलेले असावेत. स्टील-फ्लाइंगला त्यांचा मार साधारण आठवा हिस्सा बसतो, पण स्टर्डी मोडायला तेवढा पुरे. या दगडांपासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स घालून येणारा असेल तर आधी कुणाकडून तरी ते बूट नॉक ऑफने काढून घ्या, नाहीतर यू-टर्नच्या फटक्यानेच स्टर्डी मोडा. बघा, यू-टर्न इथे दुसऱ्यांदा कामी आला.

मग वेगाचा प्रश्न. स्कार्मोरीचा बेस स्पीड 70, मॅग्नेझोनचा 60. स्कार्मोरी आधी चालला आणि त्याने रूस्ट केलं, तर त्या टर्नपुरता त्याचा फ्लाइंग टाइप जातो आणि तुमची वीज दुपटीऐवजी साधीच बसते. वर अर्धा जीव भरून आलेला. हे असं चालू राहिलं की माणूस म्हणतो, पकडूनही मरत नाही. 100 व्या लेव्हलला, वेगात काहीही न घातलेल्या स्कार्मोरीचा वेग 176 असतो. साध्या नेचरच्या (वेग न बदलणाऱ्या स्वभावाच्या) मॅग्नेझोनचा, वेगात काही न घालता, 156. त्याला वेगात 84 ईव्ही (सरावाचे गुण) दिले की 177. एकाने का होईना, तुम्ही पुढे. कॉर्विनाइटसाठी (बेस 67, म्हणजे 170) 60 ईव्ही पुरतात. समोरच्यानेही थोडे ईव्ही वेगात घातले असतील ही भीती असतेच, म्हणून मी थोडे जास्तच घालतो. पण मावसभावाच्या मॅग्नेझोनला वेगात शून्य होते, आणि त्याला वाटत होतं की डॅमेज कमी पडतंय.

डॅमेज बघायचं तर कॅल्क्युलेटर उघडून बघा, अंदाजाने नको. तुमच्या ट्रॅपरने त्या सावजाला दोन फटक्यांत मारायलाच हवं. तीन लागत असतील तर मधल्या वेळात तो काहीतरी करतोच. कॉर्विनाइटचा बॉडी प्रेस मॅग्नेझोनच्या स्टीलवर दुप्पट बसतो, आणि आधी आयर्न डिफेन्स केलेलं असेल तर आणखी जोरात.

मागचं दार उघडं राहिलं का

स्विचचं बटण बंद झालं तरी बाहेर पडायला इतर वाटा उरतात, आणि चांगला खेळाडू त्यातली एखादी आधीच ठेवून येतो.

सगळ्यांत जास्त दिसणारी म्हणजे यू-टर्न आणि तिचं कुटुंब. सायझर यू-टर्न मारून मॅग्नेट पुलमधून निघून जातो. कॉर्विनाइटकडेही यू-टर्न असतो. तुमचा ट्रॅपर त्याच्याहून वेगवान असेल तर निदान एक फटका आधी बसेल, एवढंच. उलट बाजूने बघा: व्होल्ट स्विच ग्राउंड टाइपवर बसतच नाही, म्हणून डगट्रिओसमोर व्होल्ट स्विचवाला अडकतो तो अडकतोच. आणि चॉइस बँड (एकाच मूव्हवर बांधून ठेवणारी वस्तू) लावलेला सायझर बुलेट पंचवर अडकून पडला असेल, तर तो यू-टर्न वापरू शकत नाही. मॅग्नेझोनला बुलेट पंचचा मार चौथाई बसतो. म्हणजे यू-टर्न त्याच्याकडे आहे का, यापेक्षा आत्ता या टर्नला तो वापरता येतो का, हे विचारा. सायझर बुलेट पंच मारून कुणाला तरी संपवतो, तेव्हा मॅग्नेझोनला यापेक्षा सुंदर निमंत्रण मिळत नाही.

टेलिपोर्ट आठव्या पिढीपासून स्विचसारखं काम करतं. ते सर्वांत शेवटी होतं, म्हणजे तुम्हाला एक फटका मिळतो. त्या एकाच फटक्याचं सोनं करा.

शेड शेल हातात असलेला कधीही स्विच करू शकतो. समोरच्या टीममधला स्टील वॉल (मार झेलणारा) इतका वेळ लेफ्टोव्हर्सने बरा होताना दिसला नाही, काटे-दगडांचा मार मात्र खात आला, तर शेड शेलचा संशय घ्या आणि आधी नॉक ऑफ. इजेक्ट बटणही असंच, फटका बसताच मालक बाहेर.

आणि नवव्या पिढीतली सर्वांत महागडी वाट, टेरास्टलायझेशन, म्हणजे लढतीत एकदाच पोकेमॉनचा टाइप बदलणं. 2022 मध्ये स्कार्लेट-व्हायोलेट आल्यापासून ट्रॅपिंगचं गणितच हललं. घोस्ट टेरा घेतला की पुढच्या टर्नपासून तो मोकळा. मॅग्नेट पुलमध्ये अडकलेल्याने स्टील किंवा स्टेलर (ज्यात मूळ टाइप तसाच राहतो) सोडून कुठलाही टेरा घेतला तरी सुटला. मावसभाऊ यावर फार चिडतो. मी चिडत नाही. एका वॉलला वाचवायला समोरच्याने आपला एकमेव टेरा जाळला, तर माझ्या मते सापळ्याने काम केलं. त्यानंतर तुमचा ड्रॅगनाइट टेरासह नाचेल आणि त्याच्याकडे उत्तर नसेल. फक्त एक लक्षात ठेवा, टेरा चाल निवडताना होतो, म्हणजे तो त्या टर्नला बाहेर जात नाही, एक टर्न तुमच्याजवळच असतो.

याउलट गंमत म्हणजे एखादा घोस्ट दुसऱ्या टाइपचा टेरा घेऊन बसला की त्याचं घोस्टपण गेलं. ज्याला आतापर्यंत धरता येत नव्हतं तो आता सापडतो. हे बरेचजण विसरतात, समोरचेही.

मॅग्मा स्टॉर्मवाल्यांसाठी

हीट्रानच्या मॅग्मा स्टॉर्मची अचूकता 75 टक्के आहे. चारातून एकदा तो चुकणारच. त्याच टर्नला सावज निसटलं म्हणून गेमला शिव्या घालू नका. बसला तर 4 किंवा 5 टर्न धरतो आणि दर टर्नला आठवा हिस्सा जीव खातो. ग्रिप क्लॉ दिला तर 7 टर्न. सब्स्टिट्यूटवर बसला तर धरत नाही. रॅपिड स्पिनने सुटतो. हीट्रान मैदानातून बाहेर गेला की सापळा संपला, कारण पकड हीट्रानची आहे. ब्लिसीला पकडून हीट्रानने सॉफ्ट-बॉइल्ड थांबवायला टॉन्ट (फटका नसलेल्या मूव्ह बंद करणारी मूव्ह) केला नाही तर ती बसून जीव भरत राहते आणि मॅग्मा स्टॉर्मचे मोजके पीपी (वापरायच्या वेळा) संपतात. मॅग्मा स्टॉर्म आणि टॉन्ट हे जोडीनेच घ्या.

एक आठवण जाता जाता. पहिल्या पिढीत, 1996 च्या खेळात, रॅप बसला की समोरच्याला 2 ते 5 टर्न हल्लाच करता येत नसे, फार तर स्विच. अजिलिटी करून रॅप करत बसणारा ड्रॅगनाइट ज्यांनी सोसला आहे त्यांना आजचं ट्रॅपिंग म्हणजे पाहुणचार वाटेल.

डबल्स आणि पेरिश साँग: एक टर्न लवकर निघता

डबल्समध्ये गोथिटेल दोघांनाही एकदम धरते, म्हणून तिच्या जोडीला पेरिश साँग गाणारा साथीदार ही जुनी युक्ती. गाणं ऐकलेला प्रत्येकजण, तुमचेही धरून, मोजणी शून्यावर आली की पडतो. तुम्ही स्विच करू शकता, ते नाही. कागदावर एवढं सोपं.

फसतं ते मोजणीत. गाणं गायलं तो पहिला टर्न धरा. त्याच्या शेवटी 3 दिसतो. दुसऱ्याच्या शेवटी 2, तिसऱ्याच्या शेवटी 1, चौथ्याच्या शेवटी शून्य. गोथिटेलही गाण्यात सापडली आहे, म्हणून तिला बाहेर काढायची घाई होते आणि खेळाडू तिसऱ्या टर्नलाच काढतो. मग चौथ्या टर्नला समोरचे दोघे मोकळे, दोघेही स्विच करतात आणि तुमचं गाणं वाया. गोथिटेलला चौथ्याच टर्नला काढायचं. समोरच्यांनी चाल निवडली तेव्हा ती तिथे होती, म्हणून ते अडकले. ती गेली तरी मोजणी थांबत नाही. मीन लुकचंही हेच तंत्र.

तोवर तिला जगवायचं म्हणजे प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार टाळणारी मूव्ह), फेक आउट (समोरच्याचा टर्न घालवणारा फटका) आणि साथीदाराचे स्विच यांची सरमिसळ. लागोपाठ दुसरा प्रोटेक्ट तीनातून एकदाच लागतो, त्यावर बेत रचू नका. समोर इन्सिनरोर असेल तर पार्टिंग शॉट हा त्याचा दरवाजा आहे. टॉन्टने तो बंद होतो, यू-टर्न मात्र बंद होत नाही. समोर फ्लटर मेन असेल तर ती घोस्ट आहे, तिला विसरा आणि दुसऱ्यावर लक्ष द्या. आणि समोरच्याकडेही गोथिटेल निघाली तर एकमेकींना शॅडो टॅग लागत नाही. चौथ्या पिढीपासून हा नियम आहे. त्याआधी दोन वॉबफेट समोरासमोर आले की लढत संपायचं नाव घेत नसे.

मारलं, पण हरलो

ही तक्रार सर्वांत उशिरा येते, कारण ती करायला आधी सापळा यशस्वी व्हावा लागतो. मॅग्नेझोनने स्कार्मोरी मारला. छान. मॅग्नेझोन चॉइस स्कार्फमुळे थंडरबोल्टवर अडकला आहे. समोरून ग्राउंड टाइप फुकटात आला, त्याने स्वोर्ड्स डान्स करून हल्ला वाढवला आणि तुमची उरलेली टीम झोपवली. तुम्ही एक वॉल मिळवला आणि त्याच्या बदल्यात समोरच्याला फुकट टर्न दिला.

म्हणून टीम प्रीव्ह्यूमध्येच स्वतःला विचारा: हा वॉल गेला तर माझा कोण मोकळा होतो? उत्तर पटकन येत नसेल तर त्या लढतीत सापळ्याच्या मागे लागू नका. समोर सहापैकी एकही स्टील नसेल तर मॅग्नेझोन त्या दिवशी साधा विजेचा हल्लेखोर आहे, तसाच वापरा. मावसभाऊ मात्र स्टील शोधत बसतो, आणि घोल्डेंगो दिसला की त्याचे डोळे चमकतात.

सावज मारण्याच्या टर्नला पुढचा कोण येणार याचा अंदाज करा आणि शक्य असेल तर फटका व्होल्ट स्विचने द्या. जीव तेवढाच शिल्लक असेल तर सावज मरतं, आणि पुढे तुमच्या बाजूने कोण उभा राहील ते तुमच्या हातात येतं. स्कार्फऐवजी लेफ्टोव्हर्स किंवा एअर बलून दिला तर मॅग्नेझोनला मूव्ह बदलता येते. बलून असेल तर तो भूकंपवालाही पहिल्यांदा फसतो.

वॉबफेटवाल्यांची अशीच एक गफलत. तो एन्कोर करून समोरच्याला स्टेल्थ रॉकवर तीन टर्न अडकवतो, तुम्ही खुशीत सेटअपवाला (आधी ताकद वाढवून मग मारणारा) आत आणता आणि समोरचा स्विच करून जातो. वॉबफेट बाहेर आला त्या क्षणी सापळा सुटला, एन्कोर तेवढा मागे राहिला. तुमच्या सेटअपवाल्याला मिळाला तो बहुतेक एक फुकट टर्न. एका टर्नात ज्याचं काम होतं त्यालाच तिथे आणा.

रीप्ले बघताना

सावज निसटलं तो टर्न सापडला की तिथे थांबू नका, एक टर्न मागे जा. तेव्हा समोरचा कोण होता, तो कशासाठी आला होता आणि त्या वेळी तुम्ही काय दाबलं? नव्वद टक्के वेळा, हा आकडा मी आपला बोलण्याच्या ओघात म्हणतोय, चूक तिथेच दिसते. मावसभावाचा कालचा रीप्ले असाच पाहिला. अकराव्या टर्नला कॉर्विनाइट यू-टर्नने गेला म्हणून त्याची तक्रार होती. दहाव्या टर्नला तोच कॉर्विनाइट रूस्ट करत होता, अर्ध्या जिवावर, आणि याचा मॅग्नेझोन बाहेर बसून होता, कारण त्याआधीच्या टर्नला याने ड्रॅगनाइटने आणखी एक फटका मारायची हाव धरली.

त्याला तेवढं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "म्हणजे नवव्या टर्नला आणायचा?"

हो. नवव्या.